पाण्याचा दिवस

६ मार्च २०२५, गुरुवार

ही डायरी ह्यांची आहे. दवाखान्यात औषध कंपन्यांची माणसं नव्या वर्षाला डायऱ्या देतात. त्यातली एक मी दरवर्षी ह्यांना आणून द्यायची. रात्री जेवण झालं की खाटेवर बसून ते दहा मिनिटं काहीतरी लिहीत. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते, त्यामुळे तारीख, वेळ, गाडी किती उशिरा आली, असलंच काही असणार. मी कधी विचारलं नाही. जानेवारी-फेब्रुवारीची पानं मी एकत्र धरून टाचण्या लावून टाकल्या आहेत. त्यांचं अक्षर बघायची माझी हिंमत नाही.

परवा तेरावं झालं. काल शेवटचे पाहुणे गेले. लेक ऋतिका दोंडाईचाला सासरी परत गेली. घरात मी आणि सासूबाई.

मी दवाखान्यात केसपेपर लिहिते. नाव, वय, तक्रार काय, किती दिवसांपासून. बावीस वर्षं तेवढंच लिहिलं आहे. दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून तसंच लिहिते.

नाव पितांबर, वय सत्तावन्न. २० फेब्रुवारी, पहाटे सहा. नळाला पाणी येण्याचा दिवस होता. आमच्याकडे तीन दिवस सोडून चौथ्या दिवशी पाणी येतं. खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाई मोटार लावतात, मग वर आमच्या बाथरूमच्या नळाला धार लागते. रोज मी आधी आंघोळ करते. त्या दिवशी हे म्हणाले, “तू थांब, मी आधी जातो.” आवाज जरा चढा होता. माझ्यावर रागावले होते का, ते कळलं नाही.

बादली भरून वाहत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. हाक मारली, उत्तर नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. नळाजवळ पडले होते, एक हात नळाच्या पाइपवर. मी खांद्याला हात लावला आणि माझ्या अंगातून सर्रकन काहीतरी गेलं, मी मागे भिंतीवर आदळले. तेवढ्यात लाईट गेली. अंधारातच त्यांना ओढून बाहेर काढलं. गल्लीतले डॉक्टर आले, हार्ट अटॅक म्हणाले. बीपीची गोळी चालू होतीच.

मी ते अंगातून गेल्याचं फक्त सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “प्राण गया व माय, तुना हातमाईन.”

त्यांचा प्राण माझ्या हातातून गेला, असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हापासून मी उजव्या हाताकडे बघत नाही.


८ मार्च, शनिवार

आज पाण्याचा दिवस. बादली लावायला नळाला हात लावला आणि बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. हात झटकला. परत लावला, परत तसंच. मी बाथरूममध्ये रबरी चप्पल घालते, दवाखान्याची सवय. घसरले नाही. बाहेर येऊन बसले. खाली मोटार घरघरत होती, बाकी घर शांत.

सासूबाईंनी तोंडाकडे बघून ओळखलं. सांगितलं तर घाबरल्या नाहीत, उलट त्यांचा चेहरा उजळला. “तो आठेच शे. घागर भराशिवाय तेले सोडीसन कथा जाशी?” तो इथेच आहे, त्याला सोडून कुठे जाशील, म्हणे.

त्या साक्रीकडच्या. त्यांच्या घरात माणूस गेलं की पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरतात, आणि ती जिथे प्राण गेला त्याच घरात, तिथल्याच पाण्याने. तोवर घर सोडायचं नाही. आखाजी ३० एप्रिलला आहे.

दुपारी मोटार बंद झाल्यावर भीत भीत पुन्हा नळ धरून पाहिला. काही नाही. म्हणजे ते पहाटेच येतात.


११ मार्च, मंगळवार

योगराजला फोन केला. घरमालक हितेंद्रशेठ सुरतेला असतात. घराचं सगळं हा योगराज एजंट बघतो. भाडं तोच नेतो, पावती तोच देतो. आम्हाला इथे एकोणीस वर्षं झाली, सगळ्या पावत्या ह्यांनी एका पिशवीत ठेवल्या आहेत. बाथरूमची भिंत वर्षभर ओली आहे, पोपडे सुटलेत. त्याचंच सांगायला फोन केला तर संध्याकाळी स्वतःच आला.

“वहिनी, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. माणूस पाठवतो उद्याच.”

“उद्या नक्की का?”

“अहो, योगराजचा शब्द! पितांबरभाऊ मला मोठ्या भावासारखे होते.” मग पाणी प्यायला, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाला, “भिंतीशिवाय दुसरा काही त्रास नाही ना? नळाचा वगैरे?”

मी नाही म्हटलं. घरातलं दुःख परक्या माणसाला कसं सांगायचं?

“आणि भाऊंनी कुठे काही लिहूनबिहून ठेवलंय का? म्हणजे घराबद्दल.”

पावत्या आहेत म्हटलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं. माणूस वाईट नाही.


१४ मार्च, शुक्रवार

धूलिवंदन. गल्लीत पोरं रंग खेळत होती. आमच्या दारावरून जाताना आवाज कमी करत होती. माणूस आला नाही.


१६ मार्च, रविवार

पाण्याचा दिवस. मी आंघोळीला गेलेच नाही. कालचं पाणी बादलीत ठेवलं होतं, स्वयंपाकघरात अंग पुसून घेतलं. बाहेर आले तर सासूबाई बाथरूममध्ये. लाकडी पाटावर बसून एका बोटाने नळाला शिवत होत्या, बोट मागे घेत होत्या, परत शिवत होत्या. लहान मूल गरम वाटीला हात लावून बघतं तसं.

“आत्या, काय करता?”

“शे, शे. मना आंडोर आठेच शे.”

त्यांचा मुलगा, माझा नवरा. त्यांना तो भेटल्याचा आनंद होतो आणि मला भीती वाटते. मी ह्यांच्याशी कुठे चुकले म्हणून मला भीती वाटत असेल?


१९ मार्च, बुधवार

शेवटी माणूस आला. झिपरू त्याचं नाव, रंगारी. मला वाटलं भिंत फोडून पाइप बघेल. त्याने ओल्या भिंतीवरच पांढरा हात मारला.

“अरे, आतून ओल आहे ना.”

“ताई, मला योगराजशेठने रंगाचं सांगितलंय. आतलं सांगितलं तर आतलं बी करू.” मग जिन्यातल्या मोटारीच्या बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, “ही हिरवी वायर लोंबतेय, तुटलेली. कापू का? दिसायला वाईट दिसते.”

राहू दे म्हटलं. उगाच कशाला लाईटच्या वस्तूला हात लावायचा.


२४ मार्च, सोमवार

योगराजचा फोन. आवाज आज वेगळा. “वहिनी, करार भाऊंच्या नावावर होता. भाऊ गेले, करार संपला. शेठला बिल्डिंग पाडून बांधायची आहे. महिना अखेर खाली करा. मी दुसरीकडे बघून देतो ना, स्वस्तात.”

फोन दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, आखाजीपर्यंत तरी थांबा.

“आखाजीचं काय एवढं? घागर तर कुठेही भरता येते!” हसला.

भिंतीचा रंग फुगायला लागलाय. रात्री त्याचा पोपडा पडला तर मी दचकून उठून बसले. ऋतिकाला सांगितलं नाही. तिला कळलं तर ती भांडायला येईल, आणि भांडण मला झेपत नाही. हे असते तर म्हणाले असते, तू घाबरट आहेस.


२७ मार्च, गुरुवार

दवाखान्यातल्या नर्स पुनमने सांगितलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रात गेले. वकीलबाई तरुण, नौशीन त्यांचं नाव. मी पावत्यांची पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक बघितली.

“ताई, एकोणीस वर्षांच्या भाडेपावत्या! ह्या सोन्यासारख्या सांभाळा. तुम्ही नवऱ्यासोबत ह्याच घरात राहत होतात ना? मग भाडेकरू म्हणून त्यांचा हक्क आता तुमच्याकडे येतो. एजंटने फोनवर सांगितलं म्हणून कुणाला घर सोडावं लागत नाही.”

“आणि दुरुस्ती?”

“घर राहण्यासारखं ठेवणं मालकाचं काम. लेखी द्यायचं, रजिस्टर पोस्टाने. पंधरा दिवसांत केलं नाही, तर तुम्ही स्वतः करून घेऊ शकता आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, ठरलेल्या मर्यादेत. काय काय बिघडलंय?”

भिंत, म्हटलं.

“अजून?”

वकिलाला काय सांगू, की नवरा नळात येतो?

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अर्जात “बाथरूममधील पाइप, नळ व संबंधित सर्व दुरुस्ती” असं लिहिलं. म्हणाल्या, “पूर्वी तक्रारी केल्या असतील तर त्यांच्या तारखा शोधा. कुठे लिहिलेल्या असतील तर फार उपयोग होईल.”

टाचण्या लावलेली पानं डोळ्यांपुढे आली. घरी येऊन डायरी हातात घेतली. पहिली टाचणी अर्धी काढली, परत आत खोचली. ठेवून दिली.


२८ मार्च, शुक्रवार

पोस्टात गेले. एक सुरतेला, एक योगराजला. पोचपावती घेताना आपण कुणाचं तरी वाईट करतोय असं वाटत होतं.


१ एप्रिल, मंगळवार

परवा पाडवा होता. गुढी नाही उभारली.

आज पाण्याचा दिवस. मी ठरवून गेले. म्हटलं, असं घाबरून किती दिवस काढायचे? दार लावून घेतलं, नळाला हात लावला. आज जोर जास्त होता, दंडापर्यंत. डोळे मिटून विचारलं, “काय राहिलं तुमचं? ऋतिकाचं सगळं नीट आहे. आत्यांना मी बघते. तुम्हाला काय सांगायचंय?”

आणि एकदम मुंग्या थांबल्या. जणू प्रश्न ऐकला. दिवा पण गेला होता, सगळ्या गल्लीची लाईट गेली होती. मी अंधारात नळ धरून रडले. किती दिवसांनी रडले.

हे कुणाला कळता कामा नये.


१२ एप्रिल, शनिवार

पंधरा दिवस उलटले. सुरतेहून काही नाही. योगराज मात्र आला. चपला न काढता आत.

“काय वहिनी, आम्हाला कागद पाठवता? रजिस्टर पोस्टाने? आम्ही काय परके?”

“वकीलबाई म्हणाल्या लेखी द्या.”

“वकीलबाई! वा. दवाखान्यात केसपेपर लिहून लिहून कायदा आला वाटतं.” मग दाराशी थांबून म्हणाला, “भाऊ बघा. त्या नळासाठी महिनाभर माझं डोकं खाल्लं, पण कागद नाही पाठवला कधी. फोनवर सांगायचे. माणुसकी होती.”

तो जिना उतरून गेल्यावर मी कडी लावली, वर टेबल लावलं. कोणत्या नळासाठी ते विचारायचं राहूनच गेलं.


१७ एप्रिल, गुरुवार

पाण्याचा दिवस. अक्षर नीट येत नाही.

पहाटे धाडकन आवाज आला. धावले. सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्यावर उताण्या. पाट उलटलेला. आज बोट लावलं नव्हतं, अख्ख्या मुठीत नळ धरला होता. म्हणाल्या, त्याने ओढलं. हाताची बोटं आकडल्यासारखी झाली होती, मी चोळून सरळ केली. कोपर सोललं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं हाड, मोडलं नाही हे नशीब.

“तो माले लेवाले ऊना व्हता,” म्हणाल्या. न्यायला आला होता. आणि त्या हसत होत्या.

मी बाथरूमला बाहेरून कुलूप लावलं आहे. आईला न्यायला आला, मग मला, मग कोण? २८ तारखेला ऋतिका येणार आहे माहेरी, आखाजीला. घागर लेकीने भरायची म्हणतात. अनवाणी, ओलेत्याने, त्याच नळाशी. ती बापाची लाडकी. मला आता त्यांचीच भीती वाटते. एकतीस वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला त्यांची. हे मी लिहायला नको होतं.


१९ एप्रिल, शनिवार

हे जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी गर्दी होती. एक म्हातारे मुसलमान गृहस्थ समोर बसले. उजव्या तळहाताला पट्टी.

नाव? “नूर महंमद.” वय? “लिहा पासष्ट.” काम? “मोटार वाइंडिंग. जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो.” तक्रार काय?

“करंट लागला. आधी बोटांना मुंग्या, मग कोपरापर्यंत. दुसऱ्यांदा तर फेकून दिलं मागे.”

मी लिहीत होते. “कशाला हात लागला?”

“नळाला, बाई. लोकांना वाटतं नळ म्हणजे पाणी, त्याला काय भ्यायचं. पण मोटारीची आतली वायर जळाली, अर्थिंग तुटलेली असली, की लोखंडी पाइपातून थेट करंट. मोटार चालू तोवर लागतो. बंद केली, लाईट गेली, की काहीच नाही. म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. परवा एका घरी तेच बघायला गेलो आणि मीच सापडलो. चाळीस वर्षांचा धंदा, आणि बायको हसते मला!”

“किती दिवसांपासून” ह्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

ते म्हणाले, “काय झालं बाई? पाणी पिता का?”

मी विचारलं, “चाचा, चप्पल असली तर?”

“रबराची? मग नुसत्या मुंग्या. लाकडाच्या पाटावर असलं तरी थोडं वाचतं माणूस. पण उघड्या पायाने, ओल्या अंगाने, साबण लावलेला... मग नाही.”

मागचा पेशंट ओरडला, “ओ बाई, लवकर करा की!” मी त्यांचा केसपेपर पूर्ण केला. मग पुढचे सत्तावीस लिहिले. सुट्टी झाल्यावर त्यांच्या दुकानाचा पत्ता शोधत गेले.


२० एप्रिल, रविवार

नूरचाचा आले. सोबत टेस्टर, होल्डरला लावलेला बल्ब आणि लांब वायर. मी बाथरूमचं कुलूप काढलं. सासूबाई दारात उभ्या. प्रमिलाबाईंना खालून मोटार लावायला सांगितली.

मोटार घरघरली. चाचांनी कोरड्या हाताने टेस्टर नळाला टेकवला. त्यातला लाल दिवा लागला. मग बल्बची एक वायर पाइपला आणि दुसरी ओल्या फरशीच्या जाळीला लावली. बल्ब पेटला. मंद, पिवळा, पण पेटला. आमच्या नळावर.

“बंद करा!” चाचा ओरडले. मोटार थांबली, बल्ब विझला.

परत लावा म्हटलं मी. परत पेटला. मी तीनदा लावायला सांगितलं.

जिन्यातली ती हिरवी वायर त्यांनी बोटात धरून दाखवली. “ही अर्थिंग. कापलेली आहे, काप नवा नाही, जुना आहे. कुणी काम करताना कापली आणि जोडली नाही.” मग हळू आवाजात विचारलं, “बाई, तुमचे मिस्टर...?”

मी सगळं सांगितलं. हात लावल्यावर माझ्या अंगातून गेलं ते, आणि लाईट गेली ते. ते खाली बसले. म्हणाले, “लाईट गेली म्हणून तुम्ही आज माझ्याशी बोलताय. त्यांच्या अंगातला करंट होता तो. तुमचा काही गुन्हा नाही त्यात.”

प्रमिलाबाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. पदर तोंडात घालून म्हणाल्या, “कामिनीबाई, बटन मी दाबलं हो. दर वेळी मीच दाबलं.” त्यांना काय सांगणार? त्यांना तरी काय ठाऊक?

सासूबाई मात्र नळाकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, “मंग तो नव्हता?”

चाचांनी मोटारीच्या वायरी काढून नेल्या. आता कुणीही बटन दाबलं तरी मोटार सुरू होणार नाही.


२१ एप्रिल, सोमवार

टाचण्या काढल्या.

२३ जानेवारी. पाणी ६.०५ ला आले. नळाला करंट लागतो. योगराजला फोन, माणूस पाठवतो म्हणाला.

२७ जानेवारी. परत करंट. योगराज, उद्या नक्की.

४ फेब्रुवारी. करंट. ऑफिसला जाऊन भेटलो. चहा पाजला. माणूस लग्नाला गेलाय.

१२ फेब्रुवारी. योगराज फोन उचलत नाही. कामिनीला सांगितले नाही, ती घाबरते. चप्पल घालून जाते म्हणून बरे.

१६ फेब्रुवारी. आज जास्त होता. योगराज म्हणाला, भाऊ, मनाचे खेळ आहेत.

१९ फेब्रुवारी. उद्या पाण्याचा दिवस. कामिनी आधी जाते. उद्या मीच आधी जाईन, कुठून येतो ते नीट बघून घेतो. मग वायरमन मीच आणतो, योगराजचे राहू दे.

पुढची पानं कोरी आहेत, ६ मार्चपर्यंत. तिथून माझं अक्षर सुरू होतं.


२३ एप्रिल, बुधवार

नौशीनबाईंना सगळं सांगितलं. त्या उठून माझ्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, नोटिशीचे पंधरा दिवस होऊन गेलेत, दुरुस्ती तुम्ही करून घ्या, नूर महंमद यांच्याकडून लेखी घ्या. काम सुरू करायच्या आधी फोटो. कापलेली वायर आणि जळालेली मोटार फेकायची नाही. पोलिसांत अर्ज देऊ. खोटं सांगत नाही ताई, पोस्टमॉर्टेम झालेलं नाही, अवघड आहे. पण ही पानं आहेत.

प्रमिलाबाईंनी योगराजला सांगितलं असावं. संध्याकाळी आला. आज चपला बाहेर काढल्या.

“वहिनी, ऐकलं मी. वाईट झालं. उद्याच्या उद्या नवी मोटार बसवतो. घर खाली करायचं पण राहू द्या.” मग घसा खाकरून, “भाऊंची डायरी आहे म्हणे. जरा बघायला मिळेल का? मी असं काही बोललो नव्हतो हो.”

डायरी समोर टेबलावर, पेपरखाली होती. मला वाटलं आता हा हात घालेल. मी उठले आणि दार पूर्ण उघडून धरलं. दार सोडलं नाही. शेवटी गेला.

डायरी आता दवाखान्यात, केसपेपरच्या कपाटात ठेवते. रोज पिशवीतून आणते, लिहिते, परत नेते.


२६ एप्रिल, शनिवार

चाचांनी दोन दिवस काम केलं. दुसरी मोटार, नवी वायर, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा. मधला लोखंडी पाइप कापून प्लास्टिकचा तुकडा घातला. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. सासूबाईंनी मीठ स्वतःच्या हाताने घातलं.

हितेंद्रशेठचा सुरतेहून फोन आला. “मला तर योगराजने कधी काही सांगितलंच नाही,” म्हणाले. तुम्ही कधी विचारलं का, असं मी म्हटलं. मी असं बोलले ह्याचं मलाच नंतर आश्चर्य वाटलं.


३० एप्रिल, बुधवार. आखाजी

ऋतिका परवा आली. रात्री तिला पानं वाचायला दिली. वाचून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मला वाटलं होतं ती भांडेल.

डायरी उद्या नौशीनबाईंकडे द्यायची आहे, अर्जाला जोडण्यासाठी. म्हणून आज सुरुवातीपासून वाचली. १ एप्रिलचं पान वाचून कान गरम झाले. नळाशी बोलणारी बाई. पोलीस वाचतील, योगराजचा वकील वाचेल, हसतील. ते पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. त्या पानावर पण लिहिलेलं आहे, लाईट गेली आणि मुंग्या थांबल्या. चाचा म्हणाले तसंच आहे ते.

काल पाण्याचा दिवस होता, पण मी कुणालाच बाथरूममध्ये जाऊ दिलं नाही. चाचा टेस्टर लावून दाखवून गेले होते, तरीही. नळ बंदच ठेवला, खालची टाकी भरून घेतली. आज मात्र टाळता येण्यासारखं नव्हतं. घागर त्याच नळाची हवी. प्रमिलाबाईंनी वर येऊन विचारलं, खालच्या टाकीतलं पाणी चढवायला मोटार लावू का. मी हो म्हटलं. मोटार चालू असतानाच भरायची, नाहीतर मला कधीच खात्री वाटणार नाही.

लाल घागर, तिच्यावर ठेवायचं छोटं मडकं, आंबा, सांजोऱ्या सगळं तयार. चुलीत आगारीसाठी, म्हणजे पितरांचा घास टाकायला, निखारे. ऋतिका ओलेत्याने, अनवाणी, घागर कमरेवर घेऊन बाथरूमच्या दारात आली. खाली मोटार घरघरायला लागली. ती पाय उचलून आत टाकणार तेवढ्यात मी तिचा दंड धरला.

“तू थांब,” म्हटलं, “मी आधी जाते.”

आवाज जरा चढाच निघाला. ऋतिका बघत राहिली.

चप्पल बाहेर काढली. फरशी ओली होती. उजवा हात पुढे केला आणि नळ धरला, पूर्ण मुठीत.

मुंग्या नाहीत. काहीच नाही. नुसता थंड नळ. मी धरूनच राहिले, कदाचित उशिरा येईल म्हणून.

मागून सासूबाईंनी विचारलं, “शे का तो?”

“नाही आत्या,” मी म्हटलं. “पाणी आहे.”

मग नळ सोडला, आणि ऋतिकाने घागर धारेखाली धरली.